गिरणी, कापसाचा मळा आणि सुधारक : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत औद्योगिकीकरण, गुलामगिरी आणि समाजसुधारणा हे तीन विषय बहुधा तीन स्वतंत्र प्रकरणांत येतात. त्यामुळे गिरण्या उत्तरेत, गुलाम दक्षिणेत आणि सुधारक बोस्टनमधल्या सभागृहांत, अशी विभागणी वाचकाच्या मनात पक्की होते. पुढील उत्तरे ही विभागणी बाजूला ठेवून लिहिली आहेत.

हा कालखंड नेमका कोणता धरावा?

साधारणपणे १७९० ते १८५० ही साठ वर्षे. अमेरिकेतील पहिली यशस्वी यांत्रिक सूतगिरणी १७९०च्या अखेरीस सुरू झाली, तर १८५०मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कठोर कायदा झाला आणि पुढचे राजकारण उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या दिशेने वळले. शतकाची सुरुवात म्हणून १८०१पासून मोजायला हरकत नाही, पण तसे केल्यास कापसाचे सर्वांत महत्त्वाचे यंत्र हिशेबाबाहेर राहते.

यंत्रयुग अमेरिकेत आले कसे?

इंग्लंडमधून, आणि बऱ्याच अंशी चोरून. यंत्रे, त्यांचे आराखडे आणि कुशल कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने कायदे केले होते. सॅम्युअल स्लेटर हा डर्बीशायरमधील गिरणीत उमेदवारी केलेला तरुण १७८९मध्ये यंत्रांची रचना डोक्यात साठवून अमेरिकेला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे पाण्याच्या जोरावर चालणारी कताईची यंत्रे त्याने उभी केली. त्याचे सुरुवातीचे कामगार सात ते बारा वर्षांची मुले होती.

या गिरणीला भांडवल पुरवले मोझेस ब्राउन या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्याने. त्याने १७७३मध्येच आपल्या घरच्या गुलामांना मुक्त केले होते आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो आयुष्यभर लढला. त्याचा सख्खा भाऊ जॉन मात्र त्या व्यापाराचा उघड समर्थक होता आणि गुलामांच्या जहाजावरून त्याच्यावर खटलाही झाला. भावाशी भांडण मांडणाऱ्या मोझेसने उभारलेल्या गिरणीच्या चात्यांना लागणारा कापूस मात्र गुलामांनीच पिकवलेला होता. पुढील साठ वर्षांत देशभर जे घडले, ते या एका घरात आधीच दिसते.

दुसरा टप्पा फ्रान्सिस कॅबट लॉवेल याचा. बोस्टनच्या या व्यापाऱ्याने १८१० ते १८१२ या काळात ब्रिटनमधील गिरण्या पाहून घेतल्या, परत आल्यावर पॉल मूडी या यंत्रज्ञाच्या मदतीने यंत्रमाग तयार केला आणि वॉल्थम येथे कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सगळी कामे एकाच छपराखाली आणली. लॉवेल १८१७मध्ये वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या धबधब्याशेजारी नवे गाव वसवले, १८२६मध्ये त्या गावाला लॉवेल हेच नाव दिले आणि दहाच वर्षांत त्या गावाचे शहर झाले.

स्वातंत्र्ययुद्धानंतर गुलामगिरी आपोआप संपेल, असे अनेकांना वाटत होते. ती उलट फोफावली कशी?

व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधील तंबाखूची जमीन कसदार राहिली नव्हती, उत्तरेकडील राज्यांनी टप्प्याटप्प्याने मुक्तीचे कायदे करायला सुरुवात केली होती, आणि ही प्रथा हळूहळू विझेल असे म्हणण्याला त्या वेळी काही आधार होता. तो आधार कापसाने काढून घेतला. दक्षिणेच्या अंतर्भागात उगवणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी धाग्यांना इतकी घट्ट चिकटलेली असे, की एका माणसाला दिवसभरात जेमतेम पौंडभर रुई हाताने मोकळी करता येई. एलाय व्हिटनीने १७९३मध्ये तयार केलेल्या जिन या सरकी काढणाऱ्या यंत्रामुळे तेच काम पन्नासपट वेगाने होऊ लागले.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. श्रम वाचवणारे यंत्र आले म्हणजे मजुरांची गरज घटायला हवी, असे आपल्याला वाटते. पण जिनने वाचवले ते फक्त सरकी काढण्याचे श्रम. नांगरणी, खुरपणी आणि ऑगस्टपासून थंडीपर्यंत चालणारी वेचणी हातानेच करावी लागे, आणि सरकीचा अडथळा दूर झाल्यावर जितका पेरावा तितका कापूस विकला जाऊ लागला. विदर्भात किंवा खानदेशात कापसाची वेचणी पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. सन १७९०मध्ये अमेरिकेत कापसाच्या काही हजार गाठी होत. १८६०च्या सुमारास हा आकडा ४० लाखांच्या आसपास गेला होता. याच अवधीत गुलामांची संख्या सुमारे ७ लाखांवरून ३९ लाखांच्या वर गेली आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला.

पण १८०८मध्ये गुलामांची आयात बंद झाली होती ना?

झाली होती. १ जानेवारी १८०८पासून परदेशातून गुलाम आणणे कायद्याने गुन्हा ठरले, आणि चोरटी आयात काही प्रमाणात चालू राहिली तरी पुढची वाढ मुख्यतः जन्मदराने झाली. आई गुलाम असेल तर मूल जन्मतः गुलाम, हा दक्षिणेतील कायदा होता. त्यामुळे मालकाच्या हिशेबवहीत बाळंतपण ही भांडवलाची वाढ ठरत असे.

आयातबंदीने देशांतर्गत बाजार मात्र तेजीत आणला. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या नव्या कापूसपट्ट्याकडे १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख माणसे नेली गेली. कोणी मालकाबरोबर स्थलांतरात, तर फार मोठी संख्या विक्रीने. साखळदंडाने जोडलेल्या रांगा शेकडो मैल पायी चालवल्या जात, किंवा किनाऱ्यावरून जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात उतरवल्या जात. वॉशिंग्टनसमोर नदीपलीकडे, अलेक्झांड्रिया येथे, फ्रँकलिन आणि आर्मफील्ड या पेढीचा १८२८पासून हाच धंदा होता. आफ्रिकेतून झालेल्या सागरी वाहतुकीविषयी आपण पुष्कळ वाचतो. नवरा-बायको आणि मायलेकरे यांची कायमची ताटातूट करणारी ही दुसरी वाहतूक मराठी लेखनात फारशी येत नाही.

ज्या जमिनीवर हा कापूसपट्टा पसरला, ती जमीनही रिकामी नव्हती. चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी या राष्ट्रांना तेथून हटवण्यासाठी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३०मध्ये कायदा करून घेतला, आणि १८३८-३९मध्ये चेरोकींना सक्तीने पश्चिमेकडे चालवत नेले तेव्हा वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसे मेली.

उत्तरेकडील राज्ये तर मुक्त होती. मग त्यांचा या व्यवस्थेशी संबंध काय?

संबंध रोजच्या व्यवहाराचा होता. अमेरिकन कापसाचा मोठा भाग लिव्हरपूलमार्गे ब्रिटनमध्ये जात असे, पण त्याची जहाजे, दलाली, विमा आणि कर्ज यांत न्यूयॉर्कचा वाटा मोठा होता. लुइझियानातील मळेवाल्यांनी १८२७मध्ये स्थापन केलेल्या पतसंस्थेने जमीन आणि गुलाम गहाण धरून रोखे काढले आणि ते लंडनच्या बेअरिंग या पेढीने युरोपात खपवले. गहाण पडलेल्या माणसाला आपण कोणत्या कर्जाचे तारण आहोत हे कळण्याचे कारण नव्हते; मालक बुडाला की लिलावात उभे राहिल्यावरच त्याला ते समजे. १८३७च्या आर्थिक पडझडीत असे लिलाव ठिकठिकाणी झाले.

सर्वांत बोलका दुवा एका कापडाचा आहे. ऱ्होड आयलंडमधील अनेक गिरण्या गुलामांच्या कपड्यांसाठी खास जाडेभरडे कापड विणत आणि ते दक्षिणेतील मळ्यांना विकत. लॉवेलच्या गिरण्यांतही असे स्वस्त कापड निघे, इतके की दक्षिणेत त्या कापडाला ‘लॉवेल’ असेच नाव पडले होते. म्हणजे मिसिसिपीत वेचलेला कापूस हजार मैलांवर जाऊन विणला जाई आणि वेचणाऱ्याच्याच अंगावर, अंगाला टोचणारा सदरा होऊन परत येई. मॅसेच्युसेट्सचे गुलामगिरीविरोधी नेते चार्ल्स समनर यांनी १८४८मध्ये चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांच्या युतीवर जी टीका केली, तिला असा प्रत्यक्ष आधार होता.

शिवाय ‘मुक्त’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपायला ४ जुलै १८२७ उजाडावे लागले, आणि त्यानंतरही उत्तरेतील बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदान, शाळा आणि कामधंदा यांत बरोबरीचे स्थान नव्हते.

लॉवेलच्या ‘गिरणीकामगार मुली’ कोण होत्या?

न्यू इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबांतल्या, बहुतांश अविवाहित तरुणी. वडिलांच्या शेतावर रोख पैसा दिसत नसे. गिरणीत तो दर महिन्याला हातात पडे. कंपनीच्या खानावळवजा वसतिगृहात राहणे, रात्री ठरलेल्या वेळी परतणे, रविवारी चर्चला जाणे बंधनकारक होते, आणि दिवस घंटेवर चाले. कामाचे तास आठवड्याला सत्तरच्या वर जात. यंत्रांचा गोंगाट असे, हवेत कापसाचे तंतू उडत, आणि सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवलेल्या असत. तरीही अनेकींनी तेथे स्वतःच्या नावाने बँकेत पैसे ठेवले, व्याख्याने ऐकली, आणि स्वतःचे मासिकही चालवले. केवळ शोषणाची किंवा केवळ मुक्तीची कहाणी म्हणून हा अनुभव सांगणे मला पटत नाही. त्या स्त्रियांनीच तो दोन्ही अंगांनी मांडला आहे.

१८३४मध्ये मजुरीत कपात जाहीर झाल्यावर आणि पुन्हा १८३६मध्ये वसतिगृहाचे दर वाढल्यावर त्यांनी काम बंद केले. दुसऱ्या संपात हजाराहून अधिक जणी रस्त्यावर उतरल्या. सारा बॅगली यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने १८४५मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज मॅसेच्युसेट्सच्या विधिमंडळाला दिले; समितीने साक्षी घेतल्या आणि हा प्रश्न कायद्याने सोडवायचा नाही, असा निर्वाळा दिला. पुढे दुष्काळामुळे आयर्लंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी कमी मजुरीवर या जागा भरल्या.

गिरणीकामगारही एक प्रकारचे गुलामच होते, असे म्हणता येईल का?

संपकरी स्त्रियांनी आणि त्या काळच्या कामगार पत्रांनी ही तुलना वारंवार केली. आपण स्वतंत्र नागरिकांच्या लेकी आहोत, आपल्याला गुलामासारखे वागवता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मळेवाल्यांचे समर्थक वकीलही हीच तुलना उलट्या हेतूने करत: आमचा गुलाम म्हातारपणी पोसला जातो, तुमचा कामगार उपाशी मरतो, असे ते म्हणत.

माझ्या मते तुलना भाषणापुरती समजण्यासारखी आहे, वर्णन म्हणून ती टिकत नाही. संपात हरलेली मुलगी बँकेतली शिल्लक काढून गाडीने गावी परतू शकत होती. गुलाम स्त्रीला गाव सोडता येत नव्हते, न्यायालयात गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देता येत नव्हती, आणि तिचे मूल उद्या विकले जाणार नाही याची खात्री देणारा कोणताही कायदा नव्हता. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस न्यू बेडफर्डच्या गोदीवर मोलमजुरी करताना मिळालेल्या पहिल्या कमाईविषयी लिहितात, तेव्हा ती कमाई दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही, याचेच त्यांना अप्रूप वाटलेले दिसते.

समाजसुधारणेची लाट याच काळात का उसळली?

एक कारण धार्मिक आहे. मनुष्य पापात जन्मतो आणि त्याचे भवितव्य आधीच ठरलेले असते, या जुन्या शिकवणीऐवजी प्रत्येकजण स्वतःच्या निश्चयाने सुधारू शकतो, असे नवे प्रवचनकार सांगू लागले. व्यक्ती सुधारू शकते तर समाजही सुधारू शकतो, हे पुढचे पाऊल होते. चार्ल्स फिनी यांची रॉचेस्टर शहरातील १८३०-३१च्या हिवाळ्यातील प्रवचने या लाटेचे शिखर मानली जातात.

रॉचेस्टर हेच शहर का, हा प्रश्न विचारला की दुसरे कारण हाती लागते. हडसन नदीला ईरी सरोवराशी जोडणारा ३६३ मैलांचा ईरी कालवा १८२५मध्ये पुरा झाला आणि त्याच्या काठचे हे गाव पिठाच्या गिरण्यांमुळे झपाट्याने वाढले. मालकाच्या घरी जेवणारे-राहणारे कारागीर आता वेगळ्या वस्तीत राहू लागले, कामाचा आणि विसाव्याचा वेळ निराळा झाला, आणि पूर्वी कामाच्या जागीच मालक-नोकर मिळून घेत असलेली दारू एकाएकी मालकाला शिस्तभंग वाटू लागली. मद्यपानाविरुद्धची राष्ट्रीय संस्था १८२६मध्ये बोस्टनला स्थापन झाली ती याच वातावरणात. दारूने संसार उद्ध्वस्त होतात हे खरेच होते, आणि गिरणीच्या घंटेला शुद्धीवर असलेला कामगार हवा होता हेही खरे होते.

तिसरे कारण छापखान्याचे. वाफेवर चालणारी यंत्रे आणि स्वस्त टपाल यांमुळे पत्रके लाखांनी काढणे शक्य झाले. तेव्हाचा कागद सुती व तागाच्या चिंध्यांपासून बनत असे. त्यामुळे गुलामगिरीविरुद्धच्या पत्रकांच्या कागदातही गुलामांनी वेचलेल्या कापसाचा अंश असणारच.

हॉरेस मॅन यांचे सार्वजनिक शाळांचे काम १८३७पासूनचे, आणि मनोरुग्णांना तुरुंगांत डांबण्याविरुद्ध डोरोथिया डिक्स यांनी दिलेले निवेदन १८४३मधील. पण त्यांविषयी मराठीत इतरत्र वाचायला मिळते.

गुलामगिरीविरोधी चळवळ विल्यम लॉइड गॅरिसन यांनी सुरू केली का?

नाही. गॅरिसन यांनी १ जानेवारी १८३१ रोजी बोस्टनहून ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक सुरू केले आणि तत्काळ, बिनशर्त मुक्तीची मागणी घराघरांत पोहोचवली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यापूर्वी, १८२७मध्ये, कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेले ‘फ्रीडम्स जर्नल’ न्यूयॉर्कहून निघू लागले होते, आणि बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकर यांचे जळजळीत आवाहन १८२९मध्ये प्रसिद्ध झाले होते. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून द्यावे, ही १८१६पासून चाललेली वसाहतीची योजना त्या कृष्णवर्णीयांनीच सभा भरवून धुडकावली. आमच्या श्रमांवर उभा राहिलेला देश आमचाही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गॅरिसन स्वतः आधी त्या योजनेच्या बाजूचे होते आणि या टीकेमुळे बदलले. ‘लिबरेटर’चे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदारही कृष्णवर्णीयच होते, आणि फिलाडेल्फियातील जहाजांची शिडे बनवणारे धनिक जेम्स फॉर्टन यांच्या मदतीवाचून ते पत्र तगले असते की नाही, याची शंकाच आहे.

या चळवळीला उत्तरेत तरी पाठिंबा होता का?

बराच काळ फारसा नव्हता. कनेटिकटमधील कँटरबरी येथे प्रुडन्स क्रँडल यांनी १८३३मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा उघडली, तेव्हा राज्याने तिच्याविरुद्ध खास कायदा केला, त्यांना अटक झाली, विहिरीत घाण टाकली गेली आणि पुढच्या वर्षी जमावाच्या हल्ल्यानंतर शाळा बंद पडली. पुण्यात सावित्रीबाईंना जे सोसावे लागले ते ठाऊक असलेल्या वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. गॅरिसन यांना १८३५मध्ये बोस्टनच्या रस्त्यांतून दोर बांधून फरफटवले गेले. त्याच वर्षी दक्षिणेत, चार्ल्सटन येथे, जमावाने टपालकचेरीतील गुलामगिरीविरोधी पत्रके काढून जाळली. इलिनॉयमधील ऑल्टन येथे संपादक एलायजा लव्हजॉय आपला छापखाना वाचवताना ७ नोव्हेंबर १८३७ रोजी मारले गेले. अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने तर १८३६पासून १८४४पर्यंत गुलामगिरीविषयीच्या अर्जांवर चर्चाच करायची नाही असा नियम लावून धरला, आणि माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्याविरुद्ध आठ वर्षे झुंजले.

स्वतः गुलाम काय करत होते?

पळून जाणे, काम संथ करणे, चोरून वाचायला शिकणे, रात्री प्रार्थनेसाठी जमणे, आणि क्वचित उघड बंड. व्हर्जिनियातील साउदॅम्प्टन परगण्यात ऑगस्ट १८३१मध्ये नॅट टर्नर यांच्या उठावात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले आणि सूडादाखल कित्येक निरपराध कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने क्रमाक्रमाने मुक्ती देण्याचा विचार खरोखर चर्चेला घेतला, फेटाळला, आणि शिक्षण व सभा यांवरील बंधने अधिक आवळली.

स्त्रियांच्या हक्कांची मागणी यातूनच निघाली का?

मोठ्या प्रमाणात. चार्ल्सटनच्या गुलाममालक न्यायाधीशाच्या मुली सारा आणि अँजेलिना ग्रिमके उत्तरेत येऊन गुलामगिरीविरुद्ध बोलू लागल्या, तेव्हा स्त्रीने पुरुषांसमोर भाषण करावे काय, हाच वाद पेटला. लंडनला १८४०मध्ये भरलेल्या गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री-प्रतिनिधींना बसू दिले नाही. तेथे भेटलेल्या लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी पुढे १९ आणि २० जुलै १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवली. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मतदानाचा ठराव सर्वांत वादग्रस्त ठरला. त्याच्या बाजूने फ्रेडरिक डग्लस उभे राहिले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट कापसाची. अमेरिकेवरचे अवलंबन कमी व्हावे म्हणून कंपनी सरकारने १८४०च्या सुमारास अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणले आणि मुंबई इलाख्यातील धारवाड भागात अमेरिकन जातीचा कापूस रुजवला. पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५मध्ये तो ओसरताच पेढ्या कोसळल्या.

दुसरी वाट सुधारकांची. वर सांगितलेल्या धर्मजागृतीतूनच १८१०मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये परदेशी मिशनचे मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे धर्मोपदेशक १८१३मध्ये मुंबईत उतरले. याच मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७मध्ये आल्या आणि नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या शाळा पाहिल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून.

ज्या मंडळाने नगरला शिक्षिका पाठवली, त्याची गुलामगिरीविषयीची भूमिका मात्र कचखाऊ होती. गुलाम बाळगणे एवढ्यानेच कोणाला चर्चच्या सभासदत्वाबाहेर ठेवू नये, असा पवित्रा त्याने १८४५मध्ये घेतला. त्यावर चिडलेल्या, गुलामगिरी संपवू पाहणाऱ्या निर्मूलनवाद्यांनी पुढच्याच वर्षी वेगळी मिशनरी संस्था काढली आणि गुलाममालकांचा पैसा घ्यायचा नाही, असे ठरवले.